उपग्रहाच्या नकाशावरून जंगलाचा आकडा काढताना या चुका टाळा

२००८ साली ब्राझीलने ॲमेझॉन निधी सुरू केला. नॉर्वेने आणि मग जर्मनीने त्यात पैसे घातले, आणि हे पैसे जंगलतोड किती घटली याच्याशी बांधलेले होते. घट मोजायची ती 'इन्पे' या ब्राझीलच्याच अंतराळ संशोधन संस्थेने. तिचा 'प्रोदेस' हा कार्यक्रम १९८८ पासून लँडसॅटसारख्या उपग्रहांच्या प्रतिमांवरून दरवर्षी ॲमेझॉनमधली तोड मोजतो. २००४ मध्ये ती सुमारे २७,८०० चौ. किमी होती, २०१२ मध्ये ४,६०० चौ. किमीच्या आत आली. दोन देशांमधला व्यवहार अशा आकड्यावर उभा राहतो, म्हणून तो आकडा कसा निघाला याची काळजी वाटते. विद्यार्थ्यांचे प्रकल्प, संस्थांचे अहवाल आणि बातम्या यांत त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. त्या टाळता येतात.

इशारा म्हणजे मोजणी नव्हे

इन्पेचाच दुसरा कार्यक्रम 'देतेर' २००४ मध्ये सुरू झाला. तोड चालू असतानाच वनरक्षकांना खबर मिळावी, हे त्याचं काम. त्याच्या प्रतिमा प्रोदेसपेक्षा ढोबळ, पण लवकर मिळणाऱ्या. ढगांखाली फेब्रुवारीत झालेली तोड त्याला आभाळ उघडल्यावर मेमध्ये दिसते आणि मेच्या खात्यात पडते. म्हणून 'मेमध्ये तोड दुप्पट' असा मथळा देण्याआधी आधीच्या महिन्यांत ढग किती होते ते पाहायला हवं.

२०१९ च्या जुलैमध्ये देतेरच्या आकड्यांवरून ब्राझीलमध्ये मोठा वाद पेटला. राष्ट्राध्यक्षांनी ते आकडे खोटे ठरवले आणि ऑगस्टमध्ये इन्पेचे संचालक रिकार्डो गाल्व्हाँ यांना पद सोडावं लागलं. पुढे प्रोदेसची वार्षिक मोजणी आली: आदल्या वर्षी ७,५३६ चौ. किमी, २०१९ मध्ये १०,१२९. इशाऱ्यांनी दाखवलेली दिशा बरोबर होती, पण क्षेत्रफळ सांगण्याचा अधिकार प्रोदेसचाच. आणखी एक बारीक गोष्ट: प्रोदेसचं वर्ष ऑगस्ट ते जुलै असतं. ते जानेवारी-डिसेंबरच्या आकड्याशेजारी ठेवून केलेली तुलना फुकट जाते.

'जंगल' शब्द न तपासणं

दोन आकडे जुळेनात की आपण लगेच उपग्रहावर किंवा संगणकावर संशय घेतो. बहुतेक वेळा खोट व्याख्येत असते. प्रोदेस फक्त मूळ जंगलाची पूर्ण तोड मोजतो, तीही ६.२५ हेक्टरपेक्षा मोठी. एकदा तोडलेल्या जागी पुन्हा रान उगवलं आणि ते पुन्हा तोडलं, तर ते त्यात येत नाही. 'ग्लोबल फॉरेस्ट वॉच' या संकेतस्थळावर दिसणारी जागतिक माहिती मात्र वृक्षछत्राची घट मोजते. वणवा, लागवडीतली कापणी, सगळं त्यात आलं. त्यामुळे दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असूनही वेगळे असू शकतात.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. रत्नागिरीतली दाट हापूसची बाग एक हेक्टरपेक्षा मोठी असेल आणि छत्र दहा टक्क्यांहून जास्त असेल, तर भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालात ती वनाच्छादनात धरली जाते. जमीन कुणाची, झाड कशाचं, हे तिथे पाहत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची किमान मर्यादा अर्धा हेक्टर, दहा टक्के छत्र आणि पाच मीटर उंची अशी आहे, पण फळबागा तिच्या व्याख्येत बसत नाहीत. रबराची लागवड मात्र बसते. म्हणजे दोडामार्गातलं रबर जंगल ठरतं आणि शेजारचा आंबा ठरत नाही. अहवालात आकडा लिहिताना व्याख्या त्याच ओळीत लिहा. तळटीप कुणी वाचत नाही.

माहितीसंचाची आवृत्ती बदलली, हे न पाहणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, कारण ती नकाशात कुठेच दिसत नाही.

२०२० च्या जुलैमध्ये युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांचा लेख 'नेचर'मध्ये आला. २०१६ ते २०१८ या काळात युरोपातलं कापणीचं क्षेत्र आधीच्या पाच वर्षांच्या तुलनेत ४९ टक्क्यांनी वाढलं, असं त्यात म्हटलं होतं. युरोपीय संघाचं नवं वनधोरण तेव्हा घडत होतं, त्यामुळे गदारोळ झाला. २०२१ मध्ये इतर वनशास्त्रज्ञांनी त्याच नियतकालिकात आक्षेप नोंदवला: ज्या जागतिक माहितीसंचावर हे गणित उभं आहे, त्याची पद्धतच मधल्या वर्षांत सुधारली आहे. पूर्वी नजरेतून निसटणारी लहान तोड नंतर पकडली जाऊ लागली, म्हणून वाढीचा मोठा भाग मोजणाऱ्याच्या सुधारलेल्या नजरेचा. हा माहितीसंच तयार करणाऱ्यांनी जुन्या आणि नव्या वर्षांची तुलना जपून करा, अशी सूचना आधीच दिलेली होती.

असाच सापळा सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या प्रतिमा वापरणाऱ्यांपुढे आहे. २५ जानेवारी २०२२ पासून त्याच्या प्रतिमांच्या आकड्यांत १,००० ची भर घातलेली असते. ती वजा करायला विसरलात तर काय होतं ते पाहा. घनदाट झाडीत लाल प्रकाशाच्या पट्ट्याची किंमत ४०० आणि निकट-अवरक्त या डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाची ३,६०० धरली, तर हिरवेपणाचा निर्देशांक, म्हणजे एनडीव्हीआय (दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज), ०.८ येतो. दोन्हींत १,००० मिळवले की तोच ०.५३ होतो. एक पानही न पडता जंगल विरळ झालं! तुमच्या आलेखात नेमकी २०२२ च्या सुरुवातीला पायरी दिसत असेल, तर आधी हे तपासा. गूगल अर्थ इंजिन या उपग्रह-प्रतिमांच्या ऑनलाइन सेवेत 'हार्मोनाइझ्ड' नावाचा संच निवडला की ही दुरुस्ती करून मिळते.

पिक्सेल मोजून क्षेत्रफळ सांगणं

नकाशा तयार झाला, तोड दाखवणारे लाल पिक्सेल (प्रतिमेतले चौकोनी ठिपके) मोजले, तीस मीटर गुणिले तीस मीटर केलं, झालं क्षेत्रफळ. हे इतकं सोपं वाटतं की अनुभवी माणसंही करतात.

एक काल्पनिक देश घेऊ. जंगल एक लाख चौ. किमी, नकाशा म्हणतो १,००० चौ. किमी तुटलं. आता बारकाईच्या प्रतिमा उघडून नमुना बिंदू तपासले. 'तुटलं' म्हटलेल्या भागातल्या १०० बिंदूंपैकी ८० खरोखर तुटलेले निघाले, म्हणजे ८०० चौ. किमी. 'शाबूत' म्हटलेल्या ९९,००० चौ. किमीमधल्या १,००० बिंदूंपैकी फक्त १० तुटलेले निघाले. एक टक्का, पण एक टक्का ९९,००० चा, म्हणजे ९९० चौ. किमी. खरा अंदाज झाला १,७९०. या नकाशाची एकूण अचूकता जवळजवळ ९९ टक्के आहे, तरीही त्याने निम्म्याहून जास्त तोड चुकवली.

अंदाज द्यायचा तोही मर्यादेसह. या उदाहरणात ९५ टक्के विश्वासमर्यादेने साधारण १,१७५ ते २,४०५. पल्ला रुंद वाटत असेल तर 'शाबूत' भागातले बिंदू वाढवा, कारण अनिश्चितता तिथूनच येते. जंगल राखल्याबद्दल मोबदला मागणाऱ्या देशाने असा पल्ला न देता एकच गोल आकडा दिला, तर तपासणारे पहिलं बोट तिथेच ठेवतात. ते योग्यच आहे.

ऋतूची चूक थोडक्यात सांगतो. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरची पानगळीची झाडी नोव्हेंबरात हिरवी आणि मार्चमध्ये उघडी असते. या दोन महिन्यांच्या प्रतिमा शेजारी ठेवून जंगलतोड 'सापडते'. तुलना त्याच महिन्याशी करा, जमलं तर सलग तीन-चार वर्षांच्या. पावसाळ्यात ढगांमुळे रडार प्रतिमा वापरत असाल, तर भिजलेली माती आणि डोंगराचे तीव्र उतार तिथेही फसवतात. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निघालेल्या निसार या नासा-इस्रोच्या रडार उपग्रहाच्या प्रतिमांनाही ही काळजी लागेल.

हिरवं वाढलं म्हणजे जमीन सुधारली असं मानणं

वाळवंटीकरणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारात जमिनीचा ऱ्हास मोजताना उत्पादकतेचा कल पाहतात, आणि तो बहुधा उपग्रहाच्या हिरवेपणावरून काढतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २००० नंतर भारत लक्षणीय हिरवा झाल्याचं दिसलं, पण त्यातला ८२ टक्के वाटा शेतीचा होता आणि जंगलाचा जेमतेम ४.४ टक्के. उसाचा हिरवेपणा उपग्रहाला हिरवाच दिसतो, खालची विहीर आटली तरी.

कच्छमधल्या बन्नीच्या गवताळ प्रदेशात वेडी बाभूळ पसरली, तेव्हा गवत गेलं आणि हिरवेपणा टिकला, काही ठिकाणी वाढलाही. नकाशावर ती सुधारणा, तिथल्या मालधारी पशुपालकांच्या गुरांसाठी चराईचा ऱ्हास. अशा जागा वेगळ्या नोंदवण्याची सोय त्या कराराखालच्या अहवालांत आहे, पण ती वापरायची तर आधी ती जागा माहीत हवी. आपल्याकडे सोलापूर-नगरच्या माळरानांवर वृक्षारोपण झालं की हाच प्रश्न येतो. म्हणून 'सुधारलेले' दिसणारे पाच-सहा तुकडे निवडा, त्यांचे अक्षांश-रेखांश मोबाइलमध्ये घ्या आणि तिथे मेंढरं चारणाऱ्या धनगराला विचारा की इथे पूर्वी काय उगवायचं. तो जे सांगेल ते तारखेसह लिहून ठेवा आणि नकाशासोबत जोडा.