कोकणातला शांत किनारा निवडताय? या चुका टाळा

अलिबाग, गणपतीपुळे, तारकर्लीची गर्दी नको म्हणून लोक आता आडबाजूच्या पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे, शोधू लागले आहेत. केळशी, कोळथरे, रोहिले, आंबोळगड, तांबळडेग, तोंडवळी, निवती, कोंडुरा, मोचेमाड अशी नावे पूर्वी फक्त चाकरमान्यांच्या तोंडी असायची. या गावांना जायलाच हवे, इतकी ती सुंदर आहेत. पण गर्दीच्या किनाऱ्यावर जीवरक्षक असतो, लाल झेंडा असतो, शंभर डोळे आपल्याकडे असतात. आडबाजूला यातले काहीच नसते, म्हणून ते काम आपले आपणच करायचे. बहुतेक चुका ते विसरल्यामुळे होतात.

फोटो बघून किनारा ठरवणे

ड्रोनने काढलेल्या फोटोत प्रत्येक पुळण निळीशार दिसते. तो फोटो कुठल्या महिन्यातला आणि भरती-ओहोटीच्या कुठल्या वेळेचा, हे मात्र त्यावर लिहिलेले नसते. पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ बसायला वेळ लागतो. पाणी खऱ्या अर्थाने नितळ होते ते साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. खाडीच्या मुखाजवळ ते तेव्हाही गढूळच असते.

उत्तर आणि दक्षिण कोकणातला फरकही मोठा आहे. पालघर, मुंबई, अलिबाग या पट्ट्यात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. मालवण-वेंगुर्ल्याकडे तो दोन-अडीच मीटरच्या आसपास असतो. म्हणूनच बोर्डीला ओहोटीत पाणी इतके मागे जाते की समोर चिखलाळ, करडी वाळू पसरलेली असते आणि समुद्र लांब रेघेसारखा दिसतो. लहान मुलांना किल्ले करायला ही जागा उत्तम, पण पोहायच्या तयारीने गेलात तर हिरमोड होतो. पांढरी वाळू आणि स्वच्छ पाणी हवे असेल तर सरळ सिंधुदुर्ग गाठा.

नकाशातले उपग्रह चित्र फोटोपेक्षा खरे बोलते. त्यात तीन गोष्टी बघा: पुळणीच्या टोकाला खाडी मिळते का, वाळूत काळे कातळ कुठे आहेत, आणि किनाऱ्यापर्यंत रस्ता खरोखर उतरतो का. कशेळीच्या देवघळीसारख्या जागी रस्ता सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, संपतो आणि वाळू कड्याखाली असते. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना वरूनच समुद्र बघावा लागतो.

नावांचा घोळही सांभाळा. मुरूड दोन आहेत, एक जंजिऱ्याजवळ रायगडात आणि दुसरे दापोली तालुक्यात. वायंगणी मालवण तालुक्यातही आहे आणि वेंगुर्ल्यातही. कासवांचे वेळास मंडणगड तालुक्यातले, तर श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगरजवळ दुसरे वेळास आहे. बुकिंग करताना गावाबरोबर तालुका विचारा आणि घरमालकाकडून लोकेशन मागवून घ्या.

भरती-ओहोटी न पाहता दिवस ठरवणे

सर्वांत जास्त पस्तावा याच चुकीचा होतो, आणि ती टाळायला फक्त कालनिर्णय लागते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. शुद्ध असो वा वद्य, तिथी एक ते पंधरा धरायची. चतुर्थीला 4 ची पाऊणपट 3, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दुसरी भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी, आणि दोहोंच्या मध्ये, सव्वासहा तासांनी, पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. मुंबई-अलिबागकडे भरती या हिशेबापेक्षा थोडी उशिरा येते, मालवणकडे थोडी आधी. म्हणून मुंबईचा तक्ता तळकोकणात लावू नका, जवळजवळ तासाभराची चूक होते. जवळच्या बंदराचा तक्ता मिळाला तर तोच धरावा.

आता याचा सुट्टीशी संबंध बघा. पौर्णिमेच्या संध्याकाळी साडेपाच-सहाला पूर्ण ओहोटी असते. सूर्यास्ताला रुंद, ओली, घट्ट वाळू पायाखाली मिळते आणि मैलभर चालता येते. अष्टमीच्या आसपास गेलात तर सूर्यास्तालाच भरती भरलेली. अरुंद पुळणीवर तेव्हा सुरूच्या बनापर्यंत पाणी येते आणि बसायला जागा शोधावी लागते. उलट बाजूने, अष्टमीच्या सुमारास भांग असते, पाण्याचा चढउतार कमी आणि ओढही तुलनेने सौम्य. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी जोरात चढते आणि जोरात उतरते. मुले बरोबर असतील आणि पाण्यात उतरणे हाच मुख्य बेत असेल, तर आम्ही उधाणाचे दोन-तीन दिवस सोडूनच तारीख काढायला सांगू.

काही जागा तर वेळेवरच अवलंबून आहेत. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा समुद्राकडच्या कातळावरून जाते. ती फक्त ओहोटीत करायची, आणि पाणी चढू लागले की अर्ध्यावरून परत फिरायचे. हेदवीची बामणघळ याच्या उलट आहे. तिथे भरतीलाच लाट घळीत शिरून उंच उसळते, पण ती लांबून बघायची. ओल्या, शेवाळलेल्या कातळावर कडेपर्यंत जाऊन फोटो काढण्यात लोकांचे जीव गेले आहेत.

शांत पाणी म्हणजे सुरक्षित पाणी, असे समजणे

फेब्रुवारी 2016 मध्ये जंजिऱ्याजवळच्या मुरूडला पुण्याच्या महाविद्यालयातले 14 विद्यार्थी बुडाले. एप्रिल 2017 मध्ये मालवणजवळ वायरीला बेळगावचे आठ जण गेले. दोन्ही वेळा पावसाळा नव्हता, वादळ नव्हते. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘पावसाळ्यात जाऊ नये’ एवढे सगळ्यांना ठाऊक असते आणि बाकीच्या आठ महिन्यांत लोक निर्धास्त होतात.

ओढ ओळखायला दहा मिनिटे उंचावर उभे राहा. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांच्या पांढऱ्या पट्ट्यात मध्येच एखादा गडद, सपाट, लाट न फुटणारा पट्टा दिसतो. नवख्याला तीच जागा पोहायला बरी वाटते. प्रत्यक्षात लाटांनी आणलेले पाणी त्याच चरातून जोराने समुद्राकडे परतत असते. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दमून जाल. तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर बाजूला सरका, ओढ सुटली की लाटांबरोबर तिरके बाहेर या. बुडणाऱ्याला वाचवायला साखळी करून आत शिरू नका. रिकामा कॅन, टायरची ट्यूब, लांब दोर असे काहीतरी फेका. आडबाजूच्या किनाऱ्यावर जाताना वीस मीटर दोर आणि झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन गाडीत ठेवावाच.

दुसरी खूण उताराची. वाळू भरड असेल, लाट अगदी काठाशी येऊन एकदम आपटत असेल, तर पुळण तीव्र उताराची आहे. चार पावलांत पाणी गुडघ्यावरून छातीवर जाते आणि परतणारी लाट पायाखालची वाळू काढून घेते. काशीद, आरे-वारे, गणपतीपुळे इथे बुडण्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत, आणि त्यांच्या शेजारच्या अनोळखी पुळणी काही वेगळ्या नाहीत. वाळू बारीक आणि घट्ट असेल, लाटा लांबवर तीन-चार रांगांत फुटत येत असतील, तर उतार मंद.

खाडीच्या मुखाशी मात्र कधीही उतरू नये. देवबागचा संगम, तळाशीलचे टोक, मोचेमाडची खाडी, या जागा डोळ्यांना फार सुखावतात. पण ओहोटीत आख्खी खाडी त्या अरुंद तोंडातून समुद्रात रिकामी होत असते. भरतीनंतरच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मे पाणी उतरते. तेव्हाची ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आवरत नाही. पाण्यात जायचेच तर भरती नुकती चढू लागल्यावर, गावासमोर, कंबरेइतक्याच पाण्यात, आणि त्याआधी तिथल्या कोळ्याला ‘इथे आंघोळ करतात का?’ एवढे विचारून. त्याने नाही म्हटले तर वाद घालू नये.

नकाशावरचे तास खरे मानणे

किनाऱ्यालगतच्या रस्त्यांवर घाट, वाड्या, वळणे आहेत. ताशी 25 ते 30 किलोमीटरच धरा. खाड्यांमुळे समोर दिसणारे गावही लांब पडते. दिघी-आगरदांडा, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या फेरीबोटींत गाडी जाते आणि मोठा वळसा वाचतो. त्या रात्री बंद होतात. दाभोळला शेवटची बोट चुकली तर गुहागरला जायला खेड-चिपळूणवरून शंभर किलोमीटरच्या पुढे वळसा पडतो. शेवटच्या फेरीच्या तासभर आधी जेटीवर पोचायचे, असाच हिशेब ठेवा.

रेल्वेने येणाऱ्यांनी स्टेशन ते गाव हे अंतर आधी मोजावे. आंजर्ले-केळशीला खेडला उतरून घाट चढून-उतरून जावे लागते. गुहागरला चिपळूणहून 45 किलोमीटर. निवती-भोगव्याला कुडाळ सोयीचे, वेंगुर्ल्याकडे सावंतवाडी किंवा कुडाळ. रात्रीच्या गाडीने उतरणार असाल तर रिक्षा आदल्या दिवशी ठरवलेली हवी. आरक्षण 60 दिवस आधी उघडते. गणपतीत आणि शिमग्याला मात्र हा बेतच करू नये. गाड्या भरलेल्या, घराघरात चाकरमानी आलेले, आणि घरमालकाला पाहुणे नको असतात.

न विचारता घर ठरवणे

‘समुद्रापासून 200 मीटर’ या वाक्यात मधली खाडी किंवा कडा लपलेला असू शकतो. फोनवर हे विचारा: पायी किनाऱ्यावर जायला किती मिनिटे, वाटेत काय, एप्रिल-मे मध्ये पाणी विहिरीचे की टँकरचे, वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का, कुठल्या कंपनीचे नेटवर्क लागते, जवळचा दवाखाना किती लांब. घराला लागून मासळी उतरवायचे बंदर आहे का, हेही विचारावे. बंदराजवळ मासळी वाळत घातलेली असते, वास येतो आणि पहाटेपासून वर्दळ असते. ती त्यांच्या कामाची जागा आहे, तिथून नाक दाबून चालणे शोभत नाही.

जेवणाचा गोंधळ बहुधा पहिल्याच दिवशी होतो. छोट्या गावात ऐनवेळी हॉटेल सापडत नाही. दुपारचे जेवण आदल्या रात्री, रात्रीचे सकाळी दहापर्यंत सांगायचे. गुहागर, केळशी, दिवेआगरच्या अनेक घरांत फक्त शाकाहारी जेवण मिळते. तिथे उकडीचे मोदक मागा, पापलेटचा हट्ट नको. मासे खाणाऱ्या घरांतही सोमवारी, संकष्टीला चूल वेगळी असते. मोठी मासळी बाजारभावाने लागते, म्हणून सुरमई-पापलेटचा दर ताट मागवण्याआधी विचारावा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, तेव्हा ‘ताजी’ म्हणून जे मिळते ते बहुधा बर्फातले.

रोख पैसे आणि पेट्रोल तालुक्याच्या गावातच भरून घ्या.

गाडी वाळूवर उतरवणे

हे बेकायदा आहे, शिवाय घातक. नोव्हेंबर ते मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी रात्री पुळणीवर येऊन वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते. वेळास, आंजर्ले, गुहागर, गावखडी, तांबळडेग, वायंगणी या किनाऱ्यांवर गावकरी ती जपतात. चाकाखाली आख्खे घरटे जाते. रात्री किनाऱ्यावर दिवे आणि शेकोटीही याच कारणाने नको.

तरीही चुकून एखाद्याची गाडी रुतलीच, तर सर्वांत मोठी चूक म्हणजे ॲक्सिलरेटर दाबत राहणे. चाक फिरेल तसे ते खोल जाते. गाडी बंद करा, सगळ्यांना उतरवा. चारही चाकांपुढची वाळू उतार करून काढा. हवा 18-20 पीएसआयपर्यंत उतरवा, चाकांपुढे माडाच्या झावळ्या किंवा पोती घाला, आणि पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये हळू, सरळ बाहेर काढा. पाणी चढत असेल तर यात वेळ घालवू नका, आधी गावातला ट्रॅक्टर बोलवा. बाहेर आल्यावर हवा भरेपर्यंत वेग वाढवायचा नाही, आणि त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालचा भाग धुवायचा.

तिथे पोचल्यावर काही बिनसले तर

मे महिन्यापासून पावसाळाभर किनाऱ्यावर कधीकधी डांबरासारखे तेलाचे गोळे येतात. पायाला चिकटले तर साबणाने निघत नाहीत. खोबरेल तेल चोळून फडक्याने पुसा, मग साबण.

उथळ वाळूत शेपटीला विषारी काटा असलेला पाकट मासा लपलेला असतो. पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाललात तर तो दूर पळतो. काटा लागलाच तर जखम धुवा आणि पाय सोसेल इतक्या गरम, सुमारे 45 अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाणी आधी धडधाकट पायावर तपासा. वेदना पुष्कळ उतरतात. काटा आत मोडला असेल किंवा पोटा-छातीला लागला असेल तर ओढून काढू नका. 108 ला फोन करा आणि थेट तालुक्याच्या रुग्णालयात न्या. समुद्रात कुणी अडकले असेल तर 112, आणि तटरक्षक दलासाठी 1554. खाली पुळणीवर नेटवर्क नसले तर बहुधा वर सड्यावर मिळते. कुठल्या वळणावर ते मिळते, हे येतानाच बघून ठेवा.