रिस्क-फाइव्ह लिनक्ससाठी सिस्टीम कॉलचा रॅपर कसा लिहायचा

सिस्टीम कॉल म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, मागितलेलं काम. रॅपर म्हणजे त्या कामाची आर्ग्युमेंटं रजिस्टरांतून (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठवणीच्या जागांतून) काढून खऱ्या फंक्शनला देणारा थर. रिस्क-फाइव्ह ही प्रोसेसरची एक रचना. इंदुरात बसून हे करायला वेगळा बोर्ड लागत नाही. साध्या लॅपटॉपवर क्यूईएमयू (दुसरा प्रोसेसर असल्यासारखं भासवणारा प्रोग्राम) आणि रिस्क-फाइव्हचा क्रॉस कंपायलर (लॅपटॉपवर दुसऱ्या प्रोसेसरसाठी कोड बनवणारा) एवढं पुरतं.

'राइट' या, मजकूर लिहिण्याच्या, कॉलचा गाभा सगळ्या प्रोसेसरांना एकच असतो. कोणतं आर्ग्युमेंट कुठल्या रजिस्टरमधून आलं, हे फक्त रॅपरला ठाऊक असावं. रिस्क-फाइव्हवर आर्ग्युमेंटं ए० ते ए५ मध्ये येतात, कॉलचा नंबर ए७ मध्ये. एक्स८६-६४ वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांवर) चौथं आर्ग्युमेंट आरसीएक्सऐवजी आर१० मध्ये येतं, कारण सिस्कॉल ही सूचना परतीचा पत्ता ठेवायला आरसीएक्स वापरते.

आधी आर्किटेक्चरच्या के-कॉन्फिगमध्ये (कर्नल बांधतानाच्या पर्यायांच्या फाइलीत) 'आर्च हॅज सिस्कॉल रॅपर' निवडा. मग रॅपरच्या हेडरमध्ये सिस्कॉल-डिफाइन मॅक्रो तीन पायऱ्यांत उलगडा. पहिलं फंक्शन फक्त पीटी-रेग्जचा (कर्नलने जपलेल्या यूजरच्या रजिस्टरांच्या संचाचा) पॉइंटर घेतं आणि हवी तेवढीच रजिस्टरं काढतं. दुसरं प्रत्येक आर्ग्युमेंट लाँग म्हणून घेऊन खऱ्या टाइपमध्ये कास्ट करतं. तिसऱ्यात खरं काम. मधली पायरी गाळू नका. ३२ बिटांच्या इंटसाठी रजिस्टरच्या वरच्या अर्ध्यात यूजर प्रोग्राम काहीही ठेवू शकतो, आणि त्यावर विसंबल्यामुळे २००९ मध्ये खरोखरच सुरक्षेची चूक नोंदवली गेली होती. हवी तेवढीच रजिस्टरं काढण्यामागेही सुरक्षाच आहे: यूजरने भरलेला कचरा कर्नलच्या आत खोलवर पोचू द्यायचा नाही. एक्स८६-६४ ने ही पद्धत २०१८ मध्ये, ४.१७ आवृत्तीत घेतली.

पहिलं आर्ग्युमेंट ए० मधून वाचू नका, ओरिजिनल-ए० मधून (सुरुवातीलाच जपलेल्या ए० च्या प्रतीतून) वाचा. उत्तरही ए० मध्येच जातं. सिग्नलनंतर कॉल पुन्हा चालवायची वेळ आली की मूळ किंमत लागते, आणि ती तोवर पुसली गेलेली असते.

ट्रॅप (प्रोग्राममधून कर्नलमध्ये होणारी उडी) हाताळताना ईपीसीमध्ये, म्हणजे परतीच्या पत्त्यात, ४ मिळवा. ईकॉल (रिस्क-फाइव्हवर सिस्टीम कॉल करणारी सूचना) झाल्यावर ईपीसी त्या ईकॉलकडेच बोट दाखवतो. ४ मिळवायचे राहिले तर प्रोग्राम तोच कॉल अखंड करत बसतो. एआरएम६४ वर परतीचा पत्ता आधीच पुढच्या सूचनेचा असतो, म्हणून तिकडून उचललेला कोड इथे फसतो.

सिस्टीम कॉलांच्या टेबलमध्ये शिरण्याआधी कॉलचा नंबर मर्यादेत आहे का ते तपासा, आणि स्पेक्टर (प्रोसेसरच्या अंदाजाने धावण्याचा गैरफायदा घेणारा हल्ला) टाळायला इंडेक्स 'अ‍ॅरे-इंडेक्स-नोस्पेक'मधून न्या. नुसती इफ इथे पुरत नाही, कारण प्रोसेसर अंदाजाने तिच्या पुढे धावतो.

चाचणीला 'इंदूर' आणि एक न्यूलाइन छापा: ए७ मध्ये ६४ (राइटचा नंबर), ए० मध्ये १ (पडद्याचा फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइलीचा क्रमांक), ए१ मध्ये मजकुराचा पत्ता, ए२ मध्ये १६ (बाइटांची संख्या). युनिकोडची पाच चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी ३ बाइट, वर न्यूलाइनचा १. उत्तर १६ आलं पाहिजे. ए२ मध्ये चुकून ६ दिलेत तर पडद्यावर फक्त 'इं' दिसेल. तो दोष रॅपरचा नाही. उणे ३८ (असा कॉलच नाही) आलं तर टेबलातली नोंद बघा. उणे ९ (चुकीचा फाइल डिस्क्रिप्टर) आलं तर मॅपिंग बहुधा एका घराने सरकलंय आणि बफरचा पत्ता फाइल डिस्क्रिप्टर म्हणून वाचला जातोय.