मतं घेण्याआधी मोजणीची पद्धत ठरवा

गटात एकमत होईना की कुणीतरी म्हणतं, "चला, हात वर करा." इतकी घाई नको.

आधी प्रश्न कागदावर उतरवा. 'सहलीचं काय?' यावर मत देता येत नाही. 'सहल पुढच्या महिन्यात काढायची का?' यावर येतं. उत्तर हो किंवा नाही असेल तर साधं बहुमत पुरतं. गटाचे नियमच बदलायचे असतील तर दोन तृतीयांश मतांची अट बरी. कोरम (म्हणजे निर्णयासाठी किमान किती जण हजर हवेत) किती, बरोबरी झाली तर काय, हेही आत्ताच ठरवून टाका.

खरी गोम तीन पर्याय आले की कळते. समजा ९ जण आहेत. चौघांची पसंती क, ग, ख या क्रमाने. तिघांची ख, ग, क. उरलेल्या दोघांची ग, ख, क.

नुसती पहिली पसंती मोजली तर ४ मतांवर 'क' जिंकतो, आणि पाच जणांना नेमका तोच सर्वांत नकोसा आहे! तळाचा 'ग' बाद करून दुसरी फेरी घेतली तर 'ख' ५-४ ने पुढे. दोन-दोन पर्यायांची समोरासमोर लढत लावली तर 'ग' हा 'क'ला ५-४ आणि 'ख'ला ६-३ असा हरवतो. माणसं तीच, पसंती तीच, विजेते तीन. म्हणून पद्धत मतदानाआधीच ठरवायची. नंतर ठरवली तर जो तो आपल्या सोयीची सुचवणार.

समोरासमोरच्या लढतीतही कधी 'क' हा 'ख'ला, 'ख' हा 'ग'ला आणि 'ग' हा 'क'ला हरवतो, असं चक्र होतं. फ्रान्सचे गणितज्ञ काँदोर्से यांनी १७८५ मध्येच हे दाखवलं होतं. सगळ्या बाजूंनी निर्दोष पद्धत शोधत बसू नका. छोट्या गटाला मी तरी मान्यता मतदान सुचवेन: चालतील त्या सगळ्या पर्यायांवर खूण करायची, सर्वाधिक खुणांचा पर्याय घ्यायचा. मोजायला सोपं, भांडणं कमी.

माणसांची निवड असेल तर चिठ्ठीच हवी. उघड मतदानात काही हात शेजाऱ्याचा हात वर गेल्यावरच वर जातात.

चिठ्ठ्या दोघांनी सगळ्यांसमोर मोजाव्यात. बाजूने, विरोधात, तटस्थ आणि बाद असे चारही आकडे इतिवृत्तात त्याच बैठकीत लिहून घ्यावेत.