तीन मॉनिटर आणि एडिटिंग: ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी

मॉनिटर वाढले म्हणून फार ताकदीचं कार्ड लागेल, ही समजूत आधी सोडा. ४के पडद्याचं एक चित्र कार्डाच्या मेमरीत साधारण ३३ एमबी जागा घेतं, म्हणजे तीन पडद्यांचा भार किरकोळच. मेमरी खातं ते एडिटिंग. दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर रंगांचं काम ३२-बिट फ्लोटमध्ये (जास्त अचूक, पण जास्त जागा घेणाऱ्या आकड्यांत) करतं, त्यात तीच ४के फ्रेम १३० एमबीच्या पुढे जाते. त्यावर नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे कमी करणं) लावलं की एका वेळी अनेक फ्रेम्स धरून ठेवाव्या लागतात. म्हणून ४के कामासाठी मी कार्डाच्या ८ जीबी मेमरीवर थांबणार नाही. १२ किंवा १६ जीबीच घ्या.

दुसरी गोष्ट बहुतेक जण तपासतच नाहीत, आणि खरी अडचण तिथेच होते: तुमचा कॅमेरा १०-बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगांचा जास्त तपशील साठवून, चित्रीकरण करतो का? एनव्हीडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेपर्यंतच्या कार्डांत असं एच.२६५ (व्हिडिओ लहान करून साठवायची एक पद्धत) फुटेज हार्डवेअरवर डिकोड होत नाही, म्हणजे ते उलगडायचं काम कार्ड करत नाही. आरटीएक्स ५० मालिकेत होतं. जुनंच कार्ड असेल तर क्विक सिंक (इंटेलची अंगभूत व्हिडिओ सोय) असलेला ११व्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसरही हे काम सांभाळतो.

पोर्ट मात्र मोजून घ्या. कार्डावर बहुधा तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय असतात. डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय मॉनिटर बहुधा साध्या अडॅप्टरने चालतो, उलट दिशेने अ‍ॅक्टिव्ह (सिग्नल स्वतः बदलणारा) अडॅप्टरच लागतो. आणि केबल कार्डालाच जोडा, मदरबोर्डला नाही.