फोटो दाखवून हेअर कलर करताय? या चुका टाळा

मोबाईल पुढे धरून "अस्संच करून द्या" म्हणणारे रोज भेटतात. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गेल्या दोन-तीन वर्षांत केसांना काय काय लावलंय? उत्तर खरं मिळालं तर निम्मं काम तिथेच सोपं होतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे काळ्या डायवर फिका रंग लावणं. रंगाने रंग उतरत नाही, तो बहुधा ब्लीचने उतरवावा लागतो. एक मुलगी वर्षभर घरी काळा डाय लावत होती. कंटाळा आला म्हणून तिने त्यावर कॅरॅमल शेड फासली. माझ्याकडे आली तेव्हा मुळाशी बोटभर केस झगझगीत तांबडे आणि खाली सगळे काळे कुळकुळीत. मुळाशी नव्याने वाढलेले कोरे केस, त्यात टाळूची ऊब, म्हणून रंग तिथेच भराभर उघडला. खालच्या डायवर ढिम्म परिणाम नाही. तिला त्याच दिवशी बलायाज, म्हणजे ब्रशने रंगवलेल्या उजळ बटा, हव्या होत्या. मी कानामागची एक बारीक बट घेऊन ब्लीच लावलं. बट विटकरी लाल झाली आणि तिथेच अडली. धुऊन ओली असतानाच ओढली, तर रबरासारखी ताणली गेली, म्हणजे केस कमजोर झाले होते. मी सरळ नाही म्हटलं. पुढे पाच महिन्यांत तीन बैठका झाल्या, टोकं कापली, तेव्हा कुठे रंग जमला. तेव्हापासून बट तपासल्याशिवाय मी ब्लीचचा डबा उघडत नाही, समोरचा कितीही घाईत असो.

दुसरी चूक, बलायाज आणि हायलाइट्स एकच समजणं. हायलाइट्सच्या बटा फॉइलमध्ये बंद असतात. आत ऊब आणि ओल टिकते, म्हणून गडद केसही चांगले उजळतात. बलायाज ब्रशने उघड्यावर रंगवतात. ब्लीच वाळलं की काम थांबतं, त्यामुळे काळ्याभोर केसांवर ते मधासारख्या छटेपर्यंत आलं तरी मी खूश असते. मात्र बलायाजमध्ये केस वाढले तरी मुळाशी रेघ दिसत नाही. ग्लोबल कलरमध्ये, म्हणजे सगळे केस एकाच रंगात रंगवले की, महिन्याभरातच सेंटिमीटरभर मूळ डोकावतं. ज्यांना टचअपचा कंटाळा आहे, त्यांना मी ग्लोबल सुचवतच नाही. ऑम्ब्रेमध्ये फक्त खालचा भाग उजळतो. टोकं आधीच दुभंगलेली असतील तर आधी कात्री.

लवकर व्हावं म्हणून 40 व्हॉल्यूमचा डेव्हलपर (ब्लीचमध्ये कालवायचं पेरॉक्साइडचं द्रावण) घेऊ नका. त्यात 12 टक्के पेरॉक्साइड असतं, टाळू भाजते. मी 20 व्हॉल्यूम घेते आणि थांबते.

केशरी झाक जांभळ्या शॅम्पूने जात नाही. जांभळा पिवळ्यावर चालतो, केशरीला निळा टोनर, म्हणजे नको असलेली झाक मारणारा हलका रंग, लागतो.

आणि पॅच टेस्ट, म्हणजे ॲलर्जीची चाचणी. 48 तास आधी, पाकिटावर लिहिलंय तसं कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर डाय. "दहा वर्षं लावतेय, कधी काही झालं नाही" हे मी ऐकून घेत नाही. डायमधल्या पीपीडी या रंगद्रव्याच्या रसायनाची ॲलर्जी अकराव्या वर्षीही उद्भवू शकते.