खाण खचल्यावर सफाईचा खर्च कोणाकडून आणि कसा वसूल करायचा

शोध आणि सुटका चालू असतानाच एका माणसाला फक्त कागदांवर बसवा. खाणपट्ट्याचा करार, खाण बंद करण्याचा मंजूर आराखडा, विमा पॉलिसी आणि बँक हमी एवढं त्याने मिळवायचं. त्यात सगळ्यात आधी वाचायची ती बँक हमी, म्हणजे खाण चालवणाऱ्याने खर्च केला नाही तर ठरलेली रक्कम आपण देऊ असं बँकेचं लेखी वचन, कारण तिला शेवटची तारीख असते.

हमी ‘मागणी करताच देय’ आहे की नुकसान सिद्ध झाल्यावर देय आहे, हे पाहा. पहिल्या प्रकारात चूक कोणाची याच्या निकालासाठी थांबावं लागत नाही. हा फरक न कळल्यामुळे लोक चौकशी अहवालाची वाट बघत बसतात आणि तोवर मुदत उलटते. मागणीपत्र हमीत दिलेल्या नमुन्याबरहुकूम, त्याच शाखेत, अधिकृत सहीने द्या आणि पोच घ्या. मजकुरात थोडा फरक पडला तरी बँक ते परत करू शकते. तारीख तोंडावर आली असेल तर ‘मुदत वाढवा, नाहीतर रक्कम द्या’ असं पत्र जातं. हमी बहुधा खाण नियंत्रक खात्याच्या नावे असते. गावकरी किंवा स्थानिक संस्था स्वतः पैसे उचलू शकत नाहीत. त्यांनी खात्याला लेखी नोटीस द्यावी.

हमी पुरली नाही तर उरलेला खर्च पट्टेदाराकडून, म्हणजे ज्याच्या नावे खाणपट्टा आहे त्याच्याकडून मागा. ठेकेदाराने चूक केली, हे त्याचं उत्तर चालवून घेऊ नका. तो हिशेब त्या दोघांचा. पट्टेदार नुसती नावापुरती कंपनी असेल तर मूळ कंपनीने वेगळं हमीपत्र दिलं आहे का, ते शोधा. नसेल तर तिच्यापर्यंत पोचणं फार कठीण जातं.

आता अंदाजपत्रक. दर बाहेरच्या ठेकेदाराचे धरा; खाणीची स्वतःची यंत्रं उद्या जागेवर असतीलच असं नाही. हमखास चूक होते ती मापात. खडक फुटला की साधारण ३० ते ५० टक्के फुगतो. जागेवरचा २०,००० घनमीटर खडक ४० टक्के फुगला तर २८,००० घनमीटर होतो, म्हणजे १४ घनमीटरच्या डंपरच्या २,००० खेपा. पण ड्रोनने ढिगाराच मोजला असेल तर फुगवटा त्यात आलेलाच आहे. तो पुन्हा लावला की दावा फुगतो आणि समोरचा वकील तेवढ्यावरच सगळं अंदाजपत्रक संशयास्पद ठरवतो.

ढिगारा एकदा हलवला की संपतो, पाणी संपत नाही. खडकात गंधकयुक्त खनिज (पायराइट) असेल तर हवा आणि पाणी लागून आम्ल तयार होतं, त्यात धातू विरघळतात, आणि हे दशकानुदशकं चालू राहतं. म्हणून आम्ल मारायला चुना, पंप, साचलेल्या गाळाची विल्हेवाट आणि पाण्याची तपासणी यांचा खर्च वर्षावार वेगळा मांडा.

विमा कंपनीला घटनेची सूचना लगेच द्या. हळूहळू झालेलं प्रदूषण आणि स्वतःच्याच जागेची सफाई अनेक पॉलिसींत वगळलेली असते. पट्टेदार कंपनी दिवाळखोरीत गेली तर दावा दाखल करायची मुदत छोटी असते. आकडा पक्का नसला तरी अंदाजाने दाखल करा.

लोकांच्या देणग्या मात्र या सफाईच्या पैशांपासून पूर्ण वेगळ्या ठेवा. वेल्समधल्या ॲबरफॅनला १९६६ मध्ये कोळसा खाणीचा टाकाऊ ढीग घसरून ११६ मुलांसह १४४ जण गेले. उरलेले ढीग हलवायला तिथल्या मदतनिधीतूनच १,५०,००० पौंड घेतले गेले. ते १९९७ मध्ये परत मिळाले, तेही व्याजाविना.

आणि काम झालं म्हणून उरलेली हमी एकदम सोडू नका. ढिगारा उचलल्यावर एक हिस्सा, उतार स्थिर झाल्यावर दुसरा. पाण्याचा हिस्सा पावसाळ्यातले आणि कोरड्या दिवसांतले पाण्याचे सगळे नमुने सलग काही वर्षं ठरलेल्या मर्यादेत आल्यावरच.