स्केलिग मायकलला जाताय? या चुका टाळा

आयर्लंडच्या नैऋत्येला, केरी परगण्याच्या किनाऱ्यापासून जवळपास १२ किलोमीटर आत, अटलांटिकमधून २१८ मीटर उंचीचा एक खडक सरळ वर आलाय. तोच स्केलिग मायकल. सहाव्या ते आठव्या शतकादरम्यान कधीतरी ख्रिस्ती साधूंनी त्याच्या माथ्याजवळ मठ बांधला आणि पुढे काही शतकं ते तिथेच राहिले. दगडी खोपटी आजही उभी आहेत, आणि १९९६ पासून बेट जागतिक वारसा यादीत आहे. तिथे जाऊन हिरमुसून परतणारे बरेच असतात. त्यातल्या निम्म्याअधिक चुका घरी बसून बुकिंग करतानाच झालेल्या असतात.

व्हिसा आणि तिकीट

आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाही. पॅरिस-रोमच्या व्हिसावर भारतीय पासपोर्टधारकाला डब्लिनला उतरता येत नाही. त्यासाठी आयर्लंडचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.

दुसरा घोळ तिकिटाचा. ‘इको टूर’ म्हणजे बेटाभोवती बोटीतून फेरी. ती बेटावर उतरवत नाही. मठ पाहायचा असेल तर ‘लँडिंग टूर’च हवी. दोघींच्या किमतीत मोठा फरक असतो, त्यामुळे स्वस्त तिकीट दिसलं की आधी ते कशाचं आहे ते वाचा. लँडिंगसाठी परवानाधारक बोटी मोजक्याच, प्रत्येकीत १२ माणसं, आणि हंगाम साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा. उन्हाळ्याच्या जागा वर्षाच्या सुरुवातीलाच संपू लागतात. मुलं बरोबर असतील तर वयाची अट आधी विचारा; बहुतेक बोटवाले १२ वर्षांखालच्यांना उतरवत नाहीत.

‘ऊन पडलंय, म्हणजे बोट सुटणारच’

सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो. बोटी जिथून सुटतात त्या पोर्टमॅगी गावाच्या धक्क्यावर लख्ख ऊन असतं, वारा नसतो, आणि तरी बोट रद्द होते. कारण असं की बोट सुटणार की नाही हे पावसावर नाही, लाटेवर ठरतं. शेकडो किलोमीटर दूर झालेल्या वादळाची लांब, संथ लाट (बोटवाले तिला स्वेल म्हणतात) दोन दिवसांनी इथे पोहोचते. भर समुद्रात ती जाणवतही नाही, पण बेटाच्या अरुंद खाचेत शिरली की बोट धक्क्याशी वरखाली होऊ लागते आणि माणसं उतरवणं अशक्य होतं. म्हणून हवामान पाहताना ढगाचं चित्र सोडा. लाटेची उंची पाहा.

उपाय एकच, हाताशी जादा दिवस ठेवा. त्या भागात निदान तीन रात्री राहा आणि बुकिंग पहिल्या दिवसाचं करा, म्हणजे रद्द झालं तर पुढे सरकवायला वाव राहतो. पैसे परत मिळतात की तारीख बदलून मिळते, हे बोटवाल्याला आधीच विचारून ठेवा. मुक्काम पोर्टमॅगी, शेजारचं व्हॅलेंशिया बेट किंवा जवळच्या कॅहरसिवीन गावात करा. बोटी सकाळी लवकर सुटतात आणि किलार्नीहून वळणावळणाच्या रस्त्याने दीड तास सहज जातो. त्याच सकाळी डब्लिनहून निघून बोट पकडू म्हणणं तर निव्वळ वेडेपणा.

बोट लागल्यावर गोळी घेणं

प्रवास तासाभराचा, पण बोट लहान. मळमळ सुरू झाल्यावर गोळी घेऊन उपयोग नसतो. ती पोटात टिकतच नाही. सुटण्याआधी निदान तासभर घ्यायला हवी. मात्र आपल्याकडे सर्रास घेतली जाणारी अ‍ॅव्होमिन गुंगी आणते, आणि पुढे कठडा नसलेल्या ६१८ पायऱ्या आहेत. डॉक्टरांना विचारून, कमी झोप आणणारी गोळी आधी घरी एकदा घेऊन पाहा. उपाशीपोटी किंवा भरपेट नाश्ता करून निघू नका. मध्यभागी किंवा मागे बसा, नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइलमध्ये डोकं घालू नका.

धक्क्यावर उडी मारणं

जंजिऱ्याच्या दरवाजाशी होडीतून पायरीवर पाय टाकलेल्यांना कल्पना येईल. इथे तोच प्रकार, पण पाणी जास्त गार आणि पायरीवर शेवाळ. बोट लाटेबरोबर वर येते, क्षणभर थांबल्यासारखी होते आणि मग खाली जाते. पाऊल त्या थांबलेल्या क्षणीच टाकायचं. बोट खाली जात असताना उडी मारली की पायाखालचा आधार निसटतो. खलाशी म्हणेल तेव्हाच निघा. मनात शंका असेल तर एक लाट जाऊ द्या. दोन्ही हात मोकळे हवेत. कॅमेरा गळ्यात लोंबकळत नको, सॅकमध्ये हवा.

‘सहाशे पायऱ्या? हरिहर केलाय आम्ही’

दम लागण्याची भीती सह्याद्रीत फिरणाऱ्याला नसते, आणि नेमका तिथेच घात होतो. हरिहरला पायऱ्या कातळात कोरलेल्या आहेत, हाताला खोबणी आहेत. इथल्या पायऱ्या म्हणजे एकावर एक रचलेल्या फरशा, उंचीला असमान आणि कडेला काही नाही. २००९ मध्ये एकाच हंगामात दोन पर्यटक इथे पडून मेले. पाऊस आला तर मार्गदर्शक वर जाणं थांबवतात. तिथे हुज्जत घालू नका. घोट्याला धरणारे, चांगली पकड असलेले बूट हवेत. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. छत्री तर नकोच, वारा ती तुमच्यासकट ओढतो.

पडण्याचा धोका उतरताना आणि फोटोसाठी मागे सरकताना जास्त. आधी थांबा, मग कॅमेरा काढा. चक्कर येत असेल तर दोन शिखरांमधल्या गवताळ खिंडीत, म्हणजे क्राइस्ट्स सॅडलला, थांबायला लाज वाटू देऊ नका. उतरताना बसून उतरलात तरी कोणी हसत नाही.

बेटावर साधारण अडीच तास मिळतात. चढायला पाऊण तास, उतरायला जवळजवळ तेवढाच, असा हिशेब धरा. बेटावर ना स्वच्छतागृह, ना पाणी, ना आडोसा. पाणी आणि खाणं बरोबर न्या, कचरा परत आणा.

भिंतीला टेकणं

मठातल्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या सहा खोपट्यांत चुन्याचा कणही नाही. प्रत्येक थर खालच्यापेक्षा जरा आत सरकवत नेलाय आणि दगड किंचित बाहेर कलते ठेवलेत, म्हणून पाणी आत येत नाही. बाहेरून गोल दिसणारं खोपटं आतून चौकोनी आहे. वाकून आत जा आणि कोपऱ्यांकडे बघा. एक दगड सैल झाला की त्याच्यावरचे सगळेच धोक्यात येतात, म्हणून चढणं, टेकणं, बसणं टाळा. शिवाय फटींमध्ये वादळी पेट्रेल नावाचे चिमुकले समुद्रपक्षी घरटी करतात. ते ये-जा रात्री करतात, त्यामुळे दिवसा भिंत रिकामी वाटते.

ऑगस्टमध्ये पफिन शोधणं

पफिन म्हणजे रंगीत चोचीचे छोटे समुद्रपक्षी. ते वसंतात येतात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला समुद्रावर निघून जातात. त्यांच्यासाठी जायचं तर मेअखेर ते जुलैचा मध्य. ते इतके जवळ बसतात की लांब लेन्स लागत नाही. पण पायवाट सोडू नका. गवताखालची माती बिळांनी पोखरलेली असते आणि पाय पडला की छत आत कोसळतं. चोचीत मासे घेऊन एखादा पफिन नुसताच उभा राहिला, तर तुम्ही त्याच्या बिळाच्या वाटेत आहात. दोन पावलं बाजूला व्हा, तो आत जातो.

परतताना कॅमेरा बांधून ठेवू नका. बोट बहुधा शेजारच्या लिटल स्केलिग बेटाजवळून जाते. तिथे गॅनेट या मोठ्या पांढऱ्या समुद्रपक्ष्याच्या सुमारे ३५,००० जोड्या असतात. लांबून खडकावर बर्फ पडल्यासारखं दिसतं. तिथे पोहोचण्याआधी टोपी घाला, आणि वर बघताना तोंड मिटून ठेवा.